वाट देऊ नका, आडवू नका

६ ऑक्टोबर
सकाळी मायचा फोन. आण्णानं वाट परत आडवली. बाभळीच्या फांद्या टाकल्या, वरून तार ओढली. मळणीयंत्र बांधापर्यंत आलं आणि माघारी गेलं. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, आधी घरातलं मिटवा मग बोलवा. सोयाबीनचा ढीग शेतात, वर ताडपत्री. आत उंदीर शिरलेत म्हणते.
सख्खा चुलता. बापाचा थोरला भाऊ. चैत्रात मारुतीच्या पारावर तंटामुक्तीच्या लोकांपुढं बेल-भंडारा हातात घेऊन बोलला होता, वाट सोडतो. सगळ्यांनी ऐकलं. फेटे बांधले, चहा पिला.
बाळ्या शेजारच्या कॉटवर, तोंडावर चादर. आण्णाचाच पोरगा. इथं चाकणला एकाच खोलीत राहतो दोघं, एकाच गॅसवर शिजवतो. मायचा फोन चालू झाला तसं त्याचं घोरणं बंद झालं.
झोपलेला माणूस घोरणं थांबवून ऐकत असतो का?

७ ऑक्टोबर
बाळ्या कणीक मळत होता. विचारलं.
“तुझ्या बापानं भंडारा उचलला का न्हाई?”
“उचलला.”
“मग?”
“मला काय विचारालास? मी तार ओढायला गेलतो का? मी हितं वेल्डिंगच्या लाइनीला.”
“फोन लाव त्याला.”
“तूच लाव की. तुझा बी चुलता हाय.”
बरोबर बोलला, म्हणून जास्त राग आला. पोळ्या जाड झाल्यात म्हणालो. म्हणाला, उद्यापासून तू कर.

९ ऑक्टोबर
नामदेव मामाला फोन. तंटामुक्तीचे अध्यक्ष. गावात सगळे त्यांना मामाच म्हणतात.
मामा म्हणाले, “आरं दत्ता, भंडारा उचललाय त्यानं. ह्याच्या वर काय असतं?”
“उचलला मामा. पण ठेवला कुठं?”
मग म्हणाले, त्याला बोलतो. बोलतो बोलतो करून चैत्रापासून दिवाळी आली. समितीच्या वहीत आमचा तंटा ‘मिटला’ म्हणून लिहिलाय. मिटलेला तंटा परत उघडायची त्यांच्यात रीत नाही. पोलिसानं मायला सांगितलं, हे दिवाणी, आमच्यात येत नाही.
मी म्हटलं, मामा, बाँडवर लिहून घ्या. नोटरी करा.
“म्हंजे देवावर भरवसा न्हाई तुझा.”
“देवावर हाय. आण्णावर न्हाई.”
फोन कट. त्यांनी केला का मी, आता सांगता येत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार
सुट्टी. खेडला गेलो, कोर्टापुढं. झाडाखाली टेबलं मांडून बसतात सगळे नोटरीवाले. पहिल्याच टेबलावरचा माणूस म्हणाला, किती पानं आहेत? म्हटलं अजून लिहायचंय. म्हणाला, लिहून आणा, चुलत्याची सही गावाकडूनच करून आणा, तो यायची गरज नाही, शिक्का मी मारून देतो.
बरं वाटलं ऐकून. कसं सोपं आहे वाटलं.
पुढं एक वकीलबाई नोटरी. पत्र्याचं खोकं, आत एक पंखा. एका म्हाताऱ्याला त्याचाच कागद मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. म्हातारा म्हणत होता बाई मला येतं वाचता. बाई म्हणाल्या, तुम्हाला येतं हो आजोबा, मला माझ्या कानानं ऐकायचंय.
मला म्हणाल्या, “माणूस माझ्यापुढं आला पाहिजे. आधार कार्ड, दोन साक्षीदार. माझ्या रजिस्टरला सही.”
“तिकडचे म्हणाले नाही आला तरी चालतं.”
“चालतं की. उद्या तुमचा चुलता म्हणाला मी खेड बघितलंसुद्धा नाही, तेव्हा काय कराल? त्याचं ते खरंच असेल.”
मग सांगितलं की शिक्क्यानं तार निघत नाही. शिक्का एवढंच सांगतो की हा माणूस आला होता, शुद्धीत होता, हे वाचून सही केली. तार काढायची ताकद तहसीलदाराकडं, तिथं अर्ज करायचा. पण हा कागद हातात असला तर ‘इथं वाटच नव्हती’ म्हणून तोंड वर करता येत नाही त्याला. म्हणाल्या, अर्जाला मुदत असते, आडवल्यापासून उशीर नको.
चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.
पण आण्णाला खेडला आणायचं कसं. लातूरकडच्या गावातनं एवढ्या लांब तो कशाला येतोय.

१२ ऑक्टोबर
दसरा. प्रेस मशीनला हार घातला, नारळ फोडला, सुपरवायझरनं पेढे वाटले.
घरी आलो तर बाळ्या लाजत होता. त्याची सोयरीक आली. पोरगी इथल्याच चिखलीची, पाव्हणे मूळचे आपल्याच भागातले, इकडं येऊन लई वर्षं झाली. आण्णा पोरगी बघायला येणार.
बाळ्यानं आपणहून सांगितलं, पाव्हण्यांनी गावाकडं चौकशी केली. भावकीत तंटा आहे का विचारलं. म्हणून आण्णा कागदाला तयार झालाय. इकडं आल्यावर खेडला येतो म्हणाला.
“बघ,” बाळ्या म्हणाला, “मी बोललो त्याला.”
आज पोळ्या त्यानंच केल्या. पातळ.

१५ ऑक्टोबर
आण्णानं तालुक्याला लिहिणाऱ्याकडनं मसुदा करून व्हॉट्सअॅपवर पाठवला. मला कोर्टाची भाषा वाचायला वेळ लागतो, बाळ्यानं वाचला. शेवटची ओळ अशी:
‘सदरील वाट मी माझ्या जमिनीतून माणुसकीच्या नात्याने वापरण्यास देत आहे.’
बाळ्या म्हणाला, किती चांगलं लिहिलंय. मलाबी चांगलं वाटलं. मायला फोन करून वाचून दाखवलं. माय रडायलाच लागली. “भाऊजी माणुसकी म्हणाले, बघ.” घरात ती आण्णापुढं तोंड वर करून बोलत नाही, थोरला दीर म्हणून. पदर घेऊन, भिंतीकडं बघून बोलती. आज फोनवर भाऊजी भाऊजी.
मळणीयंत्रवाल्याला सांगून ठेव म्हणालो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
मोबाइल घेऊन खेडला. बाईंनी चष्मा वर करून वाचलं.
“जमीन कोणाची?”
“आण्णाची. रस्त्याकडचं त्याला, मागचं आमाला. आज्यानं वाटणी केली तवाच बांधाकडनं गाडीवाट ठरली.”
“म्हणजे वहिवाट तुमची.”
“व्हय.”
“मग हा देतोय काय?”
मी मोबाइलवरची ओळ परत बघितली.
“हे बघा, काय लिहायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. मी सही बघते. पण माणुसकीनं दिलं असं तुम्ही सही करून मान्य केलंत, तर ती परवानगी झाली. परवानगी देणारा काढूनबी घेतो. मग तुमच्याच कागदानं तुम्ही आडवले जाल, आणि वर माझा शिक्का.”
जीपमध्ये बसलो. तळेगाव चौकात नेहमीसारखं सगळं ठप्प. लोक शिव्या देत होते, मला काही ऐकू येईना. सगळ्या कागदात तोच एक शब्द गोड आणि त्यातच गळ.
कंत्राटदार असाच. मधनंच ब्रेक म्हणून घरी बसवतो, महिन्यानं फोन करतो, ये, तुला संधी देतो. मशीन तेच. हात तेच. माझंच काम मला दर वेळी देतो आणि मी थँक्यू साहेब म्हणतो.

१८ ऑक्टोबर
बाळ्याला सांगितलं, तो शब्द काढायला लाव.
“एका शब्दासाठी?”
“एकच हाय ना? मग काढ म्हण आण्णाला. एका शब्दासाठी कशाला आडून बसतोय तो?”
“तुला वाट पायजे का भांडण पायजे?”
“वाट पायजे. माझी. त्याची नको.”
“माणुसकी वंगाळ वाटाय लागली व्हय रे तुला? चार दिवस कोर्टाच्या दारात बसला की वकीलच झालास.”
“तुझ्या बापाला म्हणावं माणुसकी लग्नात वाढ. पंगतीला. वाटंत नको.”
ताट उचलून बाहेर जाऊन जेवला. खालच्या पायरीवर. मीपण मग नीट जेवलो नाही. ओव्हरटाइम मागून घेतला.

२० ऑक्टोबर
माय म्हणते घे लिहून. “शब्दानं सोयाबीन मळत न्हाई बाबा. माणुसकी तर माणुसकी. त्यांचं नाव मोठं हुतंय तर हू दे.”
मी म्हटलं, माय, आबाला नेलं तो दिवस आठव.
आबा, माझा बाप, गेला तेव्हा आपल्याच शेतात न्यायचं ठरलं, आमच्यात तशीच रीत. तेव्हाबी वाटेवर काट्या होत्या. आण्णानं स्वतःच्या हातानं काट्या बाजूला केल्या आणि हात जोडून कडेला उभा राहिला. सगळं गाव म्हणालं काय मोठं मन. मी मडकं धरून पुढं. आपल्याच वाटेनं बापाला नेलं आणि उपकार मात्र आण्णाचा. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तर काट्या परत जागेवर. तेव्हापासून आमची वाट म्हणजे आण्णानं दिलेली. ती गावाच्या तोंडात बसली. कागदातबी तेच बसवायचं आहे त्याला.
माय शेवटी एवढंच म्हणाली, तुला काय करायचं ते कर, पण बाळ्याचं लग्न मोडू नको.

२४ ऑक्टोबर
आण्णा आला. निळा सदरा, नवीन टोपी, पिशवीत घरच्या शेंगा. माझ्याच कॉटवर टेकला.
मी पिठलं भाकरी केली. म्हणाला, “तुझ्या मायच्या हाताची चव हाय रं तुझ्या भाकरीला. शेजारी शेत, पण तिच्या हातचं खाल्लं त्याला किती साल झालं.” मी अजून एक भाकरी वाढली.
हा माणूस लहानपणी मला खांद्यावर घेऊन यात्रेत फिरला. खांदा तोच आहे. तार ओढणारा हात त्यालाच.
दुपारी चिखलीला जाऊन आले. पोरगी पसंत. बाळ्याच्या तोंडावरून हसू पुसलंच जाईना. आण्णा सांगत होता, पाव्हण्याला म्हणालो, भावकीत आमची वाट बी आमी माणुसकीनं देतो, उद्याच कागद आहे.
मी भांडी घासत होतो. ताटाचा आवाज जरा मोठा झाला असेल.

२५ ऑक्टोबर
अर्धी सुट्टी टाकून खेडला. आण्णा, बाळ्या, मी. दुसरा साक्षीदार शेजारच्या खोलीतला.
बाईंनी आधार बघितलं, मग आण्णानं आणलेला बाँड मोठ्यानं वाचायला घेतला. ‘माणुसकीच्या नात्याने’ आलं तसं मी म्हटलं, मॅडम, थांबा. हे नको. असं लिहा, ‘वाटणीतील वहिवाटीची वाट मी आडवणार नाही.’
आण्णा हसला. “आरं, मी देतोय तर घे की लेकरा.”
“देऊ नका आण्णा. आडवू नका.”
“दोन्ही एकच की.”
“एकच हाय तर माझं लिहा.”
मागं रांगेत चार माणसं. एक जण म्हणाला, चुलता एवढ्या मोठ्या मनानं देतोय आणि पोरगं बघा. आण्णानं त्याच्याकडं वळून मान हलवली, बघा तुम्हीच, अशी. त्याला हेच पाहिजे असतं. चार माणसं कुठंबी मिळतात त्याला.
मग म्हणाला, बरं, दोन्ही लिहू. माणुसकीबी राहू दे, वहिवाटबी राहू दे.
बाळ्यानं माझ्या पाठीला बोट टोचलं. घे म्हणून. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या, पंख्याकडं बघत होत्या. सांगणार नव्हत्या. त्यांचं काम नव्हतं ते.
मी नको म्हटलं. दोन्ही लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत तार निघाली असती. मळणी झाली असती. पण उद्या भांडण उठलं की आण्णा त्यातला त्याचा शब्द उचलणार आणि माझा तिथंच पडून राहणार.
“मग माझी बी सही न्हाई,” आण्णा म्हणाला. बाँड घडी करून सदऱ्याच्या खिशात. “तुझ्या बापानं असं केलं नसतं.”
“त्यानं केलं न्हाई, म्हणूनच मला करावं लागालंय.”
बाई म्हणाल्या, ठरलं की या. पुढचे कोण?
आण्णा तिथूनच स्वारगेटला गेला, गावाकडची गाडी धरायला. पाया पडलो. डोक्यावर हात ठेवला त्यानं. ते पण खरं.

२७ ऑक्टोबर
चिखलीच्या पाव्हण्यांचा फोन, मला. नंबर बाळ्यानंच दिलेला, चुलतभाऊ म्हणून.
“मुलगा कसा आहे, मोकळेपणानं सांगा.”
म्हटलं, मुलगा एक नंबर. व्यसन नाही, कामाला पक्का, माझ्यासंगं राहतो, पोळ्या माझ्यापेक्षा चांगल्या करतो.
“आणि ते वाटेचं मिटलं म्हणे?”
बाळ्या समोर बसलेला. माझ्या तोंडाकडं बघत.
म्हटलं, मिटलं नाही. वाट आडवलेली आहे. मुलगा चांगला आहे.
ते म्हणाले बरं. फोन ठेवला.
बाळ्या म्हणाला, “खरं बोलायला तुला आजचाच दिवस सापडला.” मी म्हटलं त्यांनी आजच विचारलं. चप्पल घालून गेला तो. कुठं ते नाही सांगितलं.
मायचा शब्द मोडला का नाही, माहीत नाही. लग्न मोडलं तर मोडला.

१ नोव्हेंबर
गावाकडं. लक्ष्मीपूजन.
बाळ्यापण आलाय, पण वेगळ्या गाडीनं. भेटला नाही.
नामदेव मामा दारात येऊन बोलून गेले. “गावाला तंटामुक्तीची पाटी लागलीय वेशीला. तू तहसीलला अर्ज केलास तर त्या पाटीचं काय?”
“पाटीवर लिहा मामा, दत्ताचा तंटा सोडून.”
हसले. पण डोळे हसले नाहीत. जाताना मायला म्हणाले, पोराला आवरा. माय भिंतीकडं तोंड करून उभी.

४ नोव्हेंबर
ढीग डोक्यावर वाहिला. माय, मी, वस्तीवरच्या दोन बायका. ओढ्याच्या कडेनं लांबून, काट्याकुट्यातनं, रस्त्यापर्यंत. तिथं यंत्र उभं केलं. लई सांडलं. आण्णा त्याच्या बांधावर उभा होता. एकदा म्हणाला, “आगं, आजच्यापुरती तार काढतो, जा की हिकडनं.” माय भारा घेऊन तशीच पुढं. मी मागं. माझ्या मनात होतं तिनं थांबावं, मान दुखत होती राव. थांबली नाही. बायकांमधली एक म्हणाली, वैनी, म्हणतेत तर जावा की. माय म्हणाली, “आजच्यापुरती म्हणालेत. ऐकलं न्हाईस?”

६ नोव्हेंबर
तहसील. अर्ज मायच्या नावानं. कारकुनानं छापील नमुना घेतला, भराभर लिहिलं आणि वाचलं, ‘सामनेवाले यांनी पूर्वी दिलेली वाट आता बंद केली आहे.’
मी तोंड उघडणार, तेवढ्यात माय बोलली. पदर डोक्यावर, पण तोंड सरळ कारकुनाकडं.
“दिलेली न्हाई साहेब. दिलेली लिहू नका. आमची हाय, आडवलीय, तसं लिहा.”
“एकच ते बाई.”
“एकच हाय तर माझं लिहा.”
हे माझं बोलणं तिला कोणी सांगितलं? मी तर नाही. घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, बाळ्या दिवाळीला येऊन फराळ खाऊन गेला, तू शेतात होतास तवा. त्यानं सांगितलं सगळं. हसत होता सांगताना, म्हणाली.
मंडळ अधिकारी २१ तारखेला वाटेची पाहणी करायला येणार. नोटीस आण्णालाबी गेली. गावात आमच्याशी बोलणं कमी झालंय. दुकानदार उधार नाही म्हणाला, रोख घेतलं. मायनं त्याला सुट्टे मोजून दिले, एकेक.

९ नोव्हेंबर
चाकण. बाळ्या माझ्या आधी आलेला. खोली झाडलेली, पोळ्या झाकून ठेवलेल्या.
“चिखलीचं काय?”
“विचार करतो म्हणालेत.”
“माझ्यामुळं.”
“व्हय. तुझ्यामुळं.” मग जरा वेळानं, “पोरीनं मेसेज केला. म्हणते तुमचा भाऊ तरी खरं बोलतो. ‘तरी’ म्हणाली. आता हे चांगलं का वंगाळ, मला कळना.”
दोघांनी मेसेज परत परत वाचला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
बाईंकडं जाऊन आलो. अर्जाची पोच दाखवली. म्हणाल्या, चांगलं केलंत, पण जबाब होतील तेव्हा साक्षीदार लागेल. ज्यानं ती वाट वापरताना तुम्हाला बघितलंय असा. गावातला.
गावातला कोण येणार. मामा? दुकानदार? त्या दोन बायकांचे नवरे आण्णाच्या ट्रॅक्टरवर आहेत.
तसाच परत आलो. बाळ्याला सगळं सांगितलं, कारण दुसरं कोण आहे सांगायला. तो मोबाइलवर बघत बसला.

१६ नोव्हेंबर
आण्णाचा फोन बाळ्याला. बाळ्यानं स्पीकरवर टाकला, का कोण जाणे.
“२१ ला ये. साहेबाला सांगायचं, तिथं गाडीवाट कधी न्हवतीच. न्हाईतर लहान हुतो, काय आठवत न्हाई म्हणून सांग.”
“मला आठवतंय आण्णा,” बाळ्या म्हणाला. “दत्त्या आन् मी बैलगाडीत मागं पाय सोडून बसायचो. त्याच वाटंनं.”
“मग येऊ नगंस,” आण्णा म्हणाला. ठेवला.
मी गॅसवर चहा ठेवला. बोललो असतो तर चुकीचं बोललो असतो.

१९ नोव्हेंबर
बाळ्यानं सुट्टी टाकली, २० ते २२. सुपरवायझरनं कारण विचारलं तर घरगुती म्हणाला.
“कुणाकडनं बोलणार हाईस?” विचारलंच मी.
“आधी गाडीत बसू दे.”
“न्हाई, सांग. तुझा बाप हाय. तुझं लग्न अडकलंय. तू न्हाई बोललास तर मी काय म्हणणार न्हाई.”
“तू म्हणणार. तू म्हटल्याशिवाय राहतोस व्हय.”
बॅग भरली त्यानं. टॉवेल, चार्जर, आण्णासाठी गुडघ्याचा पट्टा घेतलाय मेडिकलमधून. तो मला दाखवला, साइज बरोबर आहे का म्हणून.
मी आण्णाला फोन लावला. उचलला. म्हटलं, आण्णा, साहेब यायच्या आधी अजून वेळ आहे. बाळ्या अन् मी उद्या निघालोय. तिथं तालुक्यालाबी नोटरी बसतात. या, वाचून घेऊ, माझी ओळ लिहू, सही करू, मी अर्ज काढून घेतो. पाव्हण्यांना मी स्वतः फोन करून सांगतो, मिटलं म्हणून.
“आन् माणुसकी?”
“तुमच्या घरी जेवायला येतो ना. मायला घेऊन.”
मग म्हणाला, “गाडी तालुक्याला किती वाजता पोचती?”
सांगितलं. फोन त्यानं ठेवला नाही. मीपण ठेवला नाही. बाळ्या बॅगेची चेन लावायची थांबून ऐकत होता.